गिर्दशीनची पंखवाली वीट

गिर्दशीन
खाकेलेवे महिना, नवरोजची सुट्टी संपल्यावर

सलार भाऊजी,

सलाम. मी पीरोज, मामंदची बायको. अक्षर ओळखीचं वाटणार नाही, कारण तुम्ही गेलात तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. नंतर शिकले. आधी औषधांच्या डब्यांवरचं वाचलं, मग शिलानची शाळेची पुस्तकं, मग हाती येईल ते. शिलान म्हणजे माझ्या भावाची मुलगी. आता गावच्या शाळेत शिकवते. तुमचा पत्ता तिनेच मिळवला.

मामंद गेले त्याला तिसरा हिवाळा सरला. तेव्हा निरोप पाठवला होता. तो पोचला का, ते विचारत नाही.

शिलान म्हणते, पत्र कशाला, आत्या, फोन लाव, गोथेनबर्ग काही चंद्रावर नाही. मी म्हटलं, मला फोनवर बोलायला जमत नाही. ते तसंच राहू दे.

काम असं आहे. गावाने जुनं कबरस्तान हलवायचं ठरवलं आहे. टेकाडाचा उतार दर वर्षी बर्फ वितळलं की थोडा खाली येतो. या वेळी कुणाच्या तरी आजीचा दगड ओढ्यात जाऊन पडला, तेव्हा सगळे जागे झाले. गहू निघाला की कबरी उचलून सफरचंदांच्या बागांच्या वर न्यायच्या. मामंदना तिथेच, नव्या जागी, पुरलं आहे. माझी लेक, आपली हताव, मात्र जुन्या जागी आहे.

रीत तुम्हाला माहीत आहे. ज्याने फरशा घातल्या त्यानेच त्या उचलायच्या, किंवा त्याने स्वतःच्या तोंडाने दुसऱ्याला "तू उचल" म्हणायचं. हतावच्या फरशा तुम्ही घातल्यात. मामंद तेव्हा युद्धाच्या आघाडीवर होते, आणि पुरताना आम्हा बायकांना कबरीपर्यंत येऊ देत नाहीत. तेव्हा कुणाला उचलायला सांगता, ते कळवा.

दुसरं लिहिणार नव्हते, पण लिहिते. आपल्या टेकाडातल्या, परदेशात विकल्या गेलेल्या जुन्या रंगीत विटा परत आल्या. शहरातल्या संग्रहालयात मांडल्या आहेत. शिलानने शाळेच्या मुलींबरोबर मलाही बसमध्ये बसवलं. मुली फोटो काढत होत्या आणि मला त्या काचेतून आपलं गवताचं कोठार दिसत होतं. निळ्या पाकळ्या, पिवळे बोकड, पांढरी किनार. तुम्ही ज्या पोत्यांत त्या भरून नेल्यात त्या पोत्यांचा वाससुद्धा आला.

एका विटेवर आपल्या पंखवाल्याचा जोडीदार आहे. तसंच बैलाचं अंग, तसेच पंख, तशीच उभी टोपी. आपल्याचं तोंड उजवीकडे होतं, याचं डावीकडे. त्याच्या समोरची जागा रिकामी आहे. टेकाड खणायला फरनाज बाई येतात, त्या म्हणाल्या, हे दोघं दारावर समोरासमोर होते, दुसरा अजून सापडत नाही. हा दुसरा मेंढवाड्याचा पाया खणताना मामंदना सापडला, आमच्या कोठारात वर्षभर राहिला आणि दिराने विकला, हे त्यांना कसं सांगू?

कुणाला विकलात तेवढं कळवा. रागाने विचारत नाही. माझा राग झिजला. मामंदचा नाही झिजला. त्यांनी तुम्हाला फाटकाबाहेर काढलं तेव्हा मी तंदूरशी होते, भाकरी जळत होती. "या फाटकाशी तुझा आवाज पुन्हा ऐकू येता कामा नये," हे साऱ्या गल्लीने ऐकलं. ते पाळलंत तुम्ही.

पीरोज


बानेमेर महिना, पावसात

सलार भाऊजी,

तुमचं उत्तर नाही. तरी लिहिते. लिहायची सवय लागली की हात थांबत नाही.

या दिवसांत टेकाड निळं दिसतं, आठवतं? पाऊस थांबला की खापऱ्यांचे तुकडे वर येतात आणि सगळा उतार लुकलुकतो. दुपारी मी अंगणात, तुतीखाली, जरा पडते. झोप लागते की नाही ते मला कळत नाही. नदीवरून धुकं येतं, घासाच्या शेतातून पंखवाला चालत येतो, पावलांचा आवाज नाही. तंदूरपाशी बसतो. मी भाकरी पुढे करते. तो खातो, पण तोंड सारखं पलीकडे. मी म्हणते, अरे, इकडे बघ. बघत नाही. मग कोंबड्या ओरडतात आणि मी उठते.

फरनाज बाईंच्या तंबूत चहा प्यायला गेले होते. त्यांना विचारलं, "तो पंखवाला असीरियाचा का?"

"नाही, पीरोजखानम. माती इथली, निळा रंग इथला. फक्त कल्पना डोंगरापलीकडून आली." मग त्यांनी सांगितलं की निनेवेला, असीरियाच्या राजधानीत, राजाच्या दारावर असे प्राणी दगडात कोरलेले असत, घराएवढे. वाईट ते आत येऊ नये म्हणून आणि आलेल्याने घाबरून वाकावं म्हणून. आपल्याकडची माणसं तिकडे घोडे पोचवायला जायची. परत येऊन सांगायची. इथल्या कुंभाराने ते ऐकून काढलं.

"म्हणजे त्याने स्वतः पाहिलाच नव्हता?"

"नसावा. खूर बघा ना. बैलाचे नाहीत, बोकडाचे आहेत. आणि दाढी कुठे आहे? निनेवेच्या प्राण्याची दाढी नांगरलेल्या शेतासारखी असते, सरीवर सरी. इथे गाल गुळगुळीत." बाई हसल्या. "आमच्यातले काही याला कच्ची नक्कल म्हणतात. मला तसं वाटत नाही. सरहद्दीवरची माणसं मोठ्या राजाचं उचलतात खरं, पण घरी आणून त्याला आपल्यातलं करून टाकतात. भीती घालायला आलेला प्राणी इथे लहान मुलाच्या तोंडाचा झाला."

मी पेला खाली ठेवला. मामंद पहिल्याच दिवशी वीट धुऊन म्हणाले होते, "हे बघ पीरोज, हा तर आपल्या हतावसारखा दिसतो." तुम्ही म्हणालात, "तिच्याएवढा हट्टी दिसत नाही." आणि हतावने त्याच्या तोंडाला तुती चोळली. "त्याला भूक लागलीय," म्हणाली. तो जांभळा डाग शेवटपर्यंत गेला नाही.

काल ओट्यावर हे पत्र सुरू केलं तर रसूलमामा काठी टेकत आले. कबरी खणायचं काम आता त्यांचा नातू करतो. मामांचे दात गेले, जीभ शाबूत आहे.

"काय गं, म्हातारपणी प्रेमपत्रं?"

"दिराला लिहितेय, मामा."

"सलारला? त्याचं लग्न झालंय म्हणे. उशीर केलास."

मी म्हटलं, पंखवाला कुणाला विकला ते विचारतेय. मामांनी साखरेचा खडा तोंडात घोळवला. मग म्हणाले, "विकला. हं." आणि उठून गेले. चहा अर्धा टाकून. रसूलमामांनी चहा टाकलेला मी कधी पाहिलेला नाही.

पीरोज


जोजरदान महिना, तुती संपल्या

सलार भाऊजी,



मामांचं ते "हं" माझ्या डोक्यातून जाईना. काल ताकाचं सार घेऊन त्यांच्याकडे गेले आणि भांडं त्यांच्या हाती न देता मांडीवर धरून बसले.

"आधी सांगा, मग सार."

"म्हाताऱ्याला उपाशी मारशील?"

"मारीन."

तेव्हा बोलले. हताव गोवराने गेली त्या हिवाळ्यात बर्फ कमरेपर्यंत होतं. ओढ्यावरच्या फरशा खाली गाडल्या गेलेल्या. हतावच्या डोक्याकडची एक फरशी कमी पडली. तुम्ही म्हणालात, थांबा, आलोच. घरी गेलात आणि कोटात काही गुंडाळून घेऊन आलात.

"मुल्ला किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करून दुआ म्हणत होता," मामा म्हणाले. "मी खड्ड्यात होतो. वजन माझ्या हातून गेलं. कोटाच्या फटीतून मला निळं दिसलं. मी सलारकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्यानेच ती बसवली आणि त्यानेच पहिली माती टाकली, कोटासकट."

"आणि तुम्ही गप्प राहिलात? मामंदनी भावाला घराबाहेर काढलं, तरी गप्प?"

"मग काय करू? कबरीत चित्र चालत नाही. आहे असं कळलं असतं तर मुल्लाने ती उकरायला लावली असती. आणि मामंद! तो त्या दिवसांत शुद्धीत होता का? कुदळ घेऊन स्वतःच धावला असता, पोरीचं तोंड बघायला. सलार मला म्हणाला, मामा, मी विकली म्हणून सांगेन. विकणारा तर मी आहेच, त्यात आणखी एक."

"मामंद गेल्यावर तरी मला सांगायचं."

"तू कधी विचारलंस?" मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आता दे ते सार, थंड झालं."

मी घरी आले नाही. सरळ जुन्या कबरस्तानात गेले. खाली सगळी दरी उन्हात तरंगत होती आणि मला वाटत होतं, माझ्या पायांखाली कुणी तरी हळू श्वास घेतंय, एक नाही, दोघं. मी हतावच्या दगडाशी बसून राहिले. इतकी वर्षं मी तिथे जाते. तो तिच्याबरोबर आहे हे मला माहीतच नव्हतं.

मामंद तुम्हाला शेवटपर्यंत चोर म्हणाले, भाऊजी. आजारातसुद्धा. हे मी तुमच्यापासून लपवू शकले असते, पण तुम्ही ते ऐकायलाच हवं, कारण तुम्ही ते ओढवून घेतलंत आणि माझ्या घरातले दोन भाऊ एकमेकांवाचून मेल्यासारखे जगले. त्याबद्दल तुमचे आभार मानू की तुमच्याशी भांडू, हे मला अजून ठरवता येत नाही.

एवढंच सांगा. बसवताना त्याचं तोंड कुणीकडे केलंत? वर की खाली? मामांना ते दिसलं नाही. तुम्ही म्हणाल, असल्या गोष्टीने काय फरक पडतो. पण हतावची सवय तुम्हाला ठाऊक आहे. समोर कुणाचं तोंड असल्याशिवाय तिला झोप लागत नसे. मामंद आघाडीवर गेल्यापासून ती तुमची हनुवटी धरून तुमचं तोंड आपल्याकडे वळवायची. तुम्ही शेजारच्या आमिनाशी बोलत असलात तरी वळवायची.

फरशा आता कुणाला तरी उचलाव्या लागतीलच. उतार थांबणार नाही. उचलल्या की तो उघडा पडेल, आणि मग त्याला तिच्याजवळ ठेवायचं की संग्रहालयाला द्यायचं, हे मला ठरवावं लागेल. त्याआधी मला कळू दे.

पीरोज


पूशपेर महिना, गहू पिवळा पडलाय

सलार भाऊजी,

तुमच्या आवाजातला निरोप शिलानच्या फोनवर आला. स्वतःच्या तोंडाने सांगायची रीत, म्हणून शिलानने सगळ्यांना अंगणात बोलावलं: नवे मुल्लासाहेब, रसूलमामा, कबरस्तानाचं बघणारी माणसं. मी चहा ओतत होते. शिलानने बटण दाबलं.

"वहिनी, सलार बोलतोय."

रसूलमामांच्या हातातला पेला खाली पडला. फुटला नाही, गवतावर घरंगळला. भिंतीपलीकडे आमिना कपडे वाळत घालत होती. ती धावत फाटकात आली, चेहरा पांढराफटक, माझ्याकडे बघितलं आणि परत गेली.

आता तुम्हाला कळलं असेल, मी फोन का करत नव्हते. तुम्हा दोघा भावांचा आवाज एकच; भिंतीआडून बोललात तर तुमच्या आईलासुद्धा कोण ते कळत नसे. म्हातारपणीही तसंच राहील असं मला वाटलं नव्हतं. मला भीती तेवढीच होती, आणि ती खरी निघाली.

पुढे तुम्ही म्हणालात, "फरशा मी घातल्या, मीच उचलेन. दुसऱ्या कुणाला सांगत नाही." माणसांनी माना डोलावल्या. मग म्हणालात, "तोंड खाली केलं, वहिनी. तिच्याकडे."

मुल्लासाहेब तरुण आहेत. त्यांनी विचारलं, "कुणाचं तोंड?"

मामा म्हणाले, "फरशीचं, बाबा. तू चहा घे."

शेवटी तुम्ही म्हणालात, "पण मामंदचा शब्द मोडून कसा येऊ?" आणि निरोप तिथे संपला.

निरोप मी एकदाच ऐकला. पुरे झालं.

पीरोज


गलावेज महिना, कापणी जवळ

सलार भाऊजी,

आधी एक खोटं दुरुस्त करते. एकदाच ऐकला म्हणून लिहिलं ते खरं नाही. शिलानचा फोन "इथे चांगला चार्ज होतो" असं सांगून मी ठेवून घेते. ती काही बोलत नाही, शाळेतून आली की स्वतःच उशीखालून काढून घेते.

आता ठरलेलं सांगते.

फरनाज बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी बुटांवरची माती झटकली. मग म्हणाल्या, "पीरोजखानम, त्या दिवशी मला शहरात काम निघू शकतं. तुम्ही त्याला परत मुलीजवळ ठेवलंत तर मला काही दिसलेलं नसेल." त्यांनी आयुष्यभर तो शोधला आहे, आणि हे त्या म्हणाल्या. त्यामुळेच माझा निर्णय सोपा झाला. मी म्हटलं, "काम काढू नका. या. मऊ कापड घेऊन या."

का ते तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला ते पटायला हवं. तो तिच्याजवळ राहिला कारण तिच्यासमोर दुसरं तोंड नव्हतं. तुम्ही तिथे राहू शकत नव्हता, म्हणून त्याला ठेवलंत. आता ती मामंदच्या शेजारी जाईल. मी माणसांना सांगितलं आहे, अगदी शेजारी, मधे झुडूपसुद्धा नको. तिला हनुवटी धरायला बाप मिळाला. मग या बिचाऱ्याला कशाला अडकवायचं? त्याचा जोडीदार तिकडे काचेत रिकाम्या जागेकडे बघत उभा आहे. रिकाम्या जागेकडे बघत राहणं काय असतं, ते मला माहीत आहे.

परवा दुपारी तो पुन्हा आला. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं, आणि तो तंदूरपाशी बसला होता. या वेळी मी हाक मारायच्या आधीच त्याने तोंड वळवलं. गालावर तुतीचा डाग तसाच. मला बघून तो उठला आणि बोकडाच्या खुरांनी टुकटुक करत फाटकाबाहेर गेला. मी अडवलं नाही.

बाकीच्या विटा तुम्ही विकल्यात, ते मी कुणापुढे झाकणार नाही. गावात विचारतील, तुम्हीही झाकू नका. पण ही विकली नाही, हे सारं गाव उघड्या डोळ्यांनी बघेल, आणि ज्यांनी ज्यांनी त्या दिवशी फाटकापाशी मामंदचं बोलणं ऐकलं होतं, त्यांपैकी जे उरलेत त्यांना मी त्यासाठी बोलावलं आहे. आमिना येणार म्हणाली. त्यासाठी नवा झगा शिवून घेतेय.

राहिला मामंदचा शब्द. तो त्यांनी एका विटेपायी उच्चारला होता आणि त्यांना खरं माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय म्हणाले असते, ते मी त्यांच्या वतीने सांगणार नाही. पण आता घर माझं आहे, फाटकही माझं आहे, आणि त्या फाटकाशी कुणाचा आवाज यावा हे मी ठरवते.

कापणीनंतरचा खरमानान महिना लागला की या. सरळ फाटकाशी या. कडी वाजवू नका, फोन करू नका. हाक मारा.

आधी "वहिनी" म्हणा, म्हणजे तुम्हीच आहात हे मला कळेल. मग काहीही बोला, रस्ता कसा होता, बर्फ कसं असतं तिकडे, काहीही. मी लगेच कडी काढणार नाही. आतल्या बाजूला थोडा वेळ डोळे मिटून उभी राहीन. तुम्ही मात्र बोलत राहा.

तुमची वहिनी
पीरोज